कानाचं मशीन

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मधेमधे सांगावं लागणार नाही.

निपाणीजवळ आमची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या मागच्या खोलीत आमचं घर. गिरणी चालू असताना बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ती बंद झाली तरी ती सवय बंद होत नाही. मी बारावीचा अभ्यास कानांत कापसाचे बोळे घालून केला. पुढे इंजिनिअर झालो, बेंगळुरूला आलो. आता सर्जापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. त्यात माझं नाव चांगलं आहे.

नोकरीत जरा स्थिरावल्यावर मी गेमिंग कन्सोल घेतला. लहानपणी शाळा सुटली की गिरणीवर लोकांच्या डब्यांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे खेळायचं राहून गेलं होतं. ते आता खेळतो. फक्त क्रिकेट. गोळीबार वगैरे मला आवडत नाही.

आवाजाचं भान मला नाही, हे खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दारात येऊन सांगितलं. "सर, स्वल्प सौंड कडिमे माडि." म्हणजे आवाज जरा कमी करा. म्हणून मी बिनवायरचे हेडफोन आणले. ते फोनला जोडले जायचे, लॅपटॉपला जोडले जायचे, कन्सोलला मात्र जोडले जाईनात. मी एक अख्खा रविवार घालवला. शेवटी कळलं की माझा कन्सोल साधे ब्लूटूथ हेडफोन घेतच नाही. ते खोक्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग मी ते टीव्हीला जोडून पाहिले. आवाज आला, पण उशिरा. चेंडू सीमारेषेपार जायचा आणि मग बॅटचा 'टक्' ऐकू यायचा. आधी मी बाद व्हायचो, मग मला फटका ऐकू यायचा. तसाही मी आठवडाभर खेळलो. नंतर दुसरे हेडफोन घेतले. त्यांच्यासोबत नखाएवढं डोंगल येतं, ते कन्सोलच्या यूएसबीत खोचायचं. मग आवाज जागच्या जागी यायला लागला. हे हेडफोन मोठे, काळे, दोन्ही कान पूर्ण झाकणारे. घातले की बाहेर काय चाललंय त्याचा पत्ता लागत नाही.

त्याच सुमारास आई माझ्याकडे राहायला आली. कारण उघड होतं. माझं लग्न जमवायचं होतं. वडील गिरणी सोडून हलत नाहीत, म्हणून ती एकटीच आली. स्थळं मावशी आणायची. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सोयरीक जुळवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

पहिली दोन स्थळं माझ्या सरळ बोलण्यामुळे गेली. तिसरं स्थळ बेंगळुरूजवळच्या होसकोट्याचं. मूळ आमच्याच भागातली माणसं, पण मुलीचे वडील तरुणपणीच तिकडच्या कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. मुलगी व्हाइटफील्डला नोकरी करते. आम्ही तिच्या ऑफिसजवळच्या दर्शिनीत, म्हणजे इकडच्या उभ्याने खायच्या हॉटेलात, इडली खात भेटलो. मी माझ्या सवयीप्रमाणे सांगितलं की आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी.

ती म्हणाली, "फॉर्मवर 'पालकांचं शिक्षण' असा रकाना असायचा. तुम्ही तिथे काय लिहायचात?"

"काही नाही. रेघ मारायचो."

"मीही रेघच मारायची," ती म्हणाली आणि चटणी वाढून घ्यायला गेली.

ती चटणी घेऊन परत येईपर्यंत माझं ठरलेलं होतं. मला लग्न करायचं होतं ते हिच्याशीच. तिचं काय ठरलंय ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता गोष्ट बिघडली कशी ते सांगतो. आई यंत्राला यंत्र म्हणत नाही, मशीन म्हणते. गिरणी मशीन, कपडे धुतात ते मशीन, बँकेबाहेर असतं तेही मशीन. एका सुट्टीला मी खेळत होतो आणि ती मावशीशी फोनवर बोलत होती. मावशीने विचारलं, पोरगा कुठाय. आईने खरं ते सांगितलं: "बसलाय की कानाला मशीन लावून. दोन हाका मारल्या, ऐकायला येत न्हाई त्याला."

आमच्याकडे कानाचं मशीन म्हणजे एकच. बहिऱ्या माणसाचं.

मावशी त्यावर गप्प बसली नाही. सोयरिकीत काही लपवलं की जन्मभर बोल लागतो, असं तिचं मत आहे आणि ते बरोबर आहे. तिने होसकोट्याला फोन करून सांगून टाकलं की मुलगा गुणी आहे, शिकलेला आहे, फक्त कानाला मशीन आहे. आईला किंवा मला विचारायची तिला गरज वाटली नाही. आपल्या बहिणीने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. दोन दिवसांनी मुलीचा फोन आला.

"एक विचारू? मशीन तुम्ही रोज लावता?"

आईचा शब्द आईकडून मावशीकडे आणि मावशीकडून हिच्याकडे गेला असणार, हे माझ्या लक्षात आलं. मला बरंही वाटलं. म्हटलं, हिला खेळाची माहिती आहे.

"रोज कुठला वेळ? सुट्टीच्या दिवशी."

"ऑफिसात नाही लावत?"

"ऑफिसात कसं लावणार? लोक काय म्हणतील!"

"म्हणजे तुम्हालाही लाज वाटते."

"लाज कसली? माझ्या पगारातून घेतलंय. घरी कुणीही येऊ दे, मी लावून बसतो."

"दोन्ही कानांना?"

"दोन्ही कानांनाच असतं ते."

"खूप चांगलं वाटलं ऐकून," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "आमच्या अप्पांना पत्र्याच्या प्रेसवर काम करून करून कमी ऐकू येतं. मी त्यांना मशीन घेऊन दिलंय, पण ते कपाटातच आहे. लावा म्हटलं की म्हणतात, म्हातारा झालो असं लोकांना कशाला दाखवायचं? पण तुमचं कळल्यापासून सारखं विचारतात, तो पोरगा एवढा तरुण, तो कसा लावतो? रविवारी आम्ही तुमच्याकडे येतोय. तेव्हा लावून बसा. प्लीज."

दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या मला ही चूक तेव्हा दिसली. मी सरळ बोलणारा माणूस आहे. त्या वेळी मात्र मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.

आईला सांगितलं. ती आधी हसली, मग मावशीला फोन लावून तिच्यावर ओरडली, आणि मग म्हणाली, "आता काय करणार हायस?"

"खरं सांगणार."

"सांग. पण पोहे खाल्ल्यावर सांग."

खरं सांगितलं तर दोन गोष्टी होणार होत्या. एक म्हणजे तिच्या वडिलांचं मशीन कपाटातच राहणार होतं. आणि दुसरी, मी बहिरा नसून व्हिडिओ गेम खेळतो हे त्यांना कळणार होतं. बहिरेपणा त्यांनी पदरात घेतला होता. खेळ घेतील का, याची मला खात्री नव्हती. आमच्या भागात तिशीच्या घरातल्या पुरुषाने आजारी असलेलं चालतं, खेळत असलेलं चालत नाही.

रविवारी अकराला ते आले. वडील उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली. डावा कान त्यांचा त्यातल्या त्यात बरा असावा. आईने पोहे दिले. "घ्या की पाव्हणं."

"सरी, अक्का, सरी," म्हणजे बरं, ताई, बरं, असं ते म्हणाले, आणि पोह्यांना हात न लावता माझ्या कानांकडे बघत राहिले. कान रिकामे होते. तीही बघत होती. मी ठरलेलं पोह्यांनंतरचं बोलणं आधीच काढलं.

"मला एक सांगायचंय. मला ऐकू नीट येतं."

"आं?" वडील म्हणाले.

"मला ऐकू येतं. कानाला काही झालेलं नाही."

"आं?" त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. तिने त्यांना काही सांगितलं नाही. ते काम तिने माझ्यावरच ठेवलं.

मग मी गिरणीतला आवाज काढला. "मी बहिरा नाही! ते मशीन खेळायचं आहे! टीव्हीवर क्रिकेट खेळतो, तेव्हा लावतो! मावशीची चूक झाली! फोनवर मला समजलं होतं, तरी मी बोललो नाही! ती चूक माझी!"

एवढं मात्र त्यांना ऐकू आलं. बहुतेक सगळ्या मजल्याला ऐकू आलं. समोरच्या फ्लॅटमधल्या मिक्सरचा आवाजही थांबला.

"खेळायचं?" वडील म्हणाले. "इंजिनिअर होऊन?"

"हो!" मी त्याच आवाजात म्हणालो.

"बाजारातून भाजीबिजी आणतोस की नाही?"

"आणतो!"

"आणतो की," आई म्हणाली. "वांगी तेवढी बघून आणत न्हाई."

मुलीने प्लेट खाली ठेवली होती. ती आता उठणार, असं मला वाटलं. तिला राग यायचं कारण होतं. मी माझ्या एका 'बरं'ने तिच्या वडिलांची आशा आठवडाभर वाढवून ठेवली होती. मी तिला म्हणालो, "त्या दिवशी फोनवरच सांगायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," ती म्हणाली.

वडील अजून त्याच विचारात होते. "दाखव बघू," ते म्हणाले. "खेळायचं मशीन कसलं असतं ते."

मी टीव्ही लावला, कन्सोल सुरू केला. हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवले, कान झाकले जातील असे बसवले आणि आवाज वाढवत नेला. खेळ अर्धवट सोडलेला होता, तिथूनच सुरू झाला. गोलंदाज धावत आला. मी बॅट फिरवली. वडिलांनी एकदम मान वर केली.

"लागला!" ते ओरडले. "फळीला लागल्यासारखं लागला!"

मग लोकांचा गलका झाला असणार, कारण त्यांनी मागे वळून आमच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे फक्त कॅलेंडर होतं. "एवढी माणसं!" ते म्हणाले. पुढच्या चेंडूला ते सोफ्याच्या कडेवर येऊन बसले. त्यापुढच्या चेंडूला त्यांनी मला हातानेच पुढे होऊन मार अशी खूण केली. मी पुढे होऊन मारला. चार धावा.

मुलगी टीव्हीकडे बघत नव्हती. ती वडिलांच्या तोंडाकडे बघत होती.

षटक संपलं तेव्हा वडील तिच्याकडे झुकले. त्यांना तिच्याशी खाजगी बोलायचं होतं. तोंडापुढे हातही धरला त्यांनी. पण कान झाकलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. हे हेडफोनच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

"पोरगा स्वल्प बावळट आहे!" त्यांचं कुजबुजणं सगळ्या हॉलमध्ये घुमलं. "पण आपण होऊन सांगितलं त्यानं! आई बरी आहे! पोहे तिखट आहेत! माझी ना नाही! तुझं काय ते सांग! हळू सांग, ते ऐकतील!"

आईने तोंडाला पदर लावला. मी कंट्रोलरकडे बघत राहिलो. त्यावरची सगळी बटणं मला पाठ होती, तरी मी ती एकेक वाचली.

ती वडिलांच्या कानाशी गेली नाही. हेडफोनलाही हात लावला नाही. जागेवरच बसून, आपल्या रोजच्या आवाजात म्हणाली, "माझं दर्शिनीतच ठरलं होतं, अप्पा. राग आलाय तो वेगळा. तो मी काढणार आहे."

वडिलांना यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. ते टीव्हीकडे वळले होते. तिने प्लेट उचलली आणि पोहे खायला सुरुवात केली. हेच त्यांना परत सांगायची तिने घाई केली नाही, आणि मीही केली नाही. त्यांना जिंकायला अजून नऊ धावा हव्या होत्या, आणि त्या मलाच काढायच्या होत्या.