दूध काढायचं लुगडं

दसरा झाला की घरामागच्या वाडीत दुधी, काकडी लोंबायची, कुडावर वालाचे वेल चढलेले असायचे, कडेला झेंडू. पलीकडे आमचं भात पिवळं पडायला लागलेलं, आणि त्याच्याही पलीकडे डोंबिवलीच्या नव्या इमारती. वाडी माझ्याकडे होती, आणि गोठ्यातली एकुलती एक म्हैसही.

पहाटे उठले की मी आधी गोठ्याच्या खुंटीवरचं जुनं हिरवं लुगडं नेसायची. ते फक्त दूध काढायला. त्याला शेणाचा, दुधाचा, माझ्या घामाचा वास बसला होता. त्याच्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नसे. धाकट्या मुलीच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी कोपरीला गेले, तेव्हा घरच्यांनी तीन दिवस नुसत्या लाथा खाल्ल्या. चौथ्या दिवशी सासू म्हणाली, "अरे, तिचा लुगडा गुंडाळ अंगाला." यांनी गुंडाळलं, डोक्यावर पदरही घेतला आणि म्हशीने बादली भरली. शेजारचे भावोजी कुडावरून ओरडले, "काय गो वहिनी, आमचा दादा कुठं गेला?" मी परतल्यावर यांनीच ते मला सांगितलं, पोट धरधरून हसत. मलाही फार हसू आलं. बरं वाटलं.

पुढे गावात जो तो खोल्या बांधून भाड्याने द्यायला लागला. हे म्हणाले, "गोठ्याच्या जागी दोन निघतील." मी एरवी कशाला नाही म्हणत नसे. तेव्हा म्हटलं, "म्हैस हाय तवर नको." हे "बरं" म्हणाले. मी तो शब्द धरून बसले.

त्या वर्षी दसऱ्यानंतर दूध जरा कमी झालं होतं. एक दिवस सकाळी हे म्हणाले, "विठ्ठलवाडीला जनावरांचा डाक्टर हाय. तूच चल, तुझ्या मागनं येते ती. आणि ता लुगडा घे. तिथं बुजली तर लागंल." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लुगड्याची घडी केली, वाटेत तिला चारायला काकडीचे वेल उपटून घेतले. कल्याणपर्यंत मी पुढे, म्हैस मागे, हे सर्वात मागे. गाड्यांचे भोंगे वाजले की ती माझ्या पाठीला तोंड लावायची. मी म्हणायची, "चल गो बाय, आलंच."

विठ्ठलवाडीला पोचलो तर तो तबेला होता. म्हशींच्या रांगाच रांगा. मला वाटलं, डॉक्टर इथेच येत असेल. एका माणसाने तिच्या गळ्यातलं आमचं दावं सोडलं, यांच्या हातात दिलं आणि स्वतःचं बांधलं. तेव्हा मला कळलं. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते घरी परत आणतात.

मी यांच्याकडे पाहिलं. हे दाव्याचा पीळ सारखा करत होते.

तो माणूस म्हणाला, "दादा, वो साडी?"

हे खाली बघूनच म्हणाले, "दे गो."

चार परके पुरुष उभे होते. मी लुगडं दिलं. त्याने ते तिथेच खांद्यावरून गुंडाळलं आणि तिच्याजवळ बसला. तिने मान वळवली, लुगडं हुंगलं आणि पाय पसरून उभी राहिली. बादलीत धार वाजली. मी तिथेच होते, पाच हातांवर, पण माझ्याकडे तिने पाहिलं नाही. तिला मीच तिथवर चालवत नेलं होतं.

परतताना यांनी रिक्षा केली. "तुला सांगितला असता तर तू आली नसतीस," एवढंच म्हणाले. दावं त्यांच्या मांडीवर होतं.

दिवाळी झाली आणि गोठा पाडला. वाडीला शेणखत राहिलं नाही. पुढच्या वर्षी दुधी धरला, पण बोटाएवढा होऊन गळून गेला.

लुगडं नेसून दूध काढल्याची गोष्ट हे अजून सांगतात. पाहुणे जमले की डोक्यावर टॉवेल घेऊन करूनही दाखवतात. सगळे हसतात. भावोजींची ओळ आली की हे माझ्याकडे बघतात, मीही हसावं म्हणून. तेव्हा मी चहा आणायला आत जाते. विठ्ठलवाडीचं कोणी विचारत नाही, आणि हे सांगत नाहीत.