दर्यानं परत दिलेला नारळ

बैठकेतल्या मैत्रिणींनो, तोंडानं सांगायला लाजते म्हणून फळ्यावर लिहिते. माझी शाळा लहानपणीच सुटली, चुकलं तर हसू नका.

आज सकाळी आम्ही काकाच्या होडीतून समोरच्या बेटांवर फिरायला निघालो होतो. आई म्हणाली, "भावजी, जानेवारीत सिक्लोनचं वादळ येतं. थंडीत जाऊ."

काका हसला. "वहिनी, आपल्या आज्यानं कोकणातून नियम आणलाय. नारळी पौर्णिमेला नारळ दिला की दर्या उघडा."

"तो तिकडचा दर्या. इथला उलटा आहे, जानेवारीत उन्हाळा."

"दर्या सगळीकडे एकच!" म्हणत काकानं, पौर्णिमेला दिला असूनही, अजून एक नारळ कुंकू लावून पाण्यात सोडला.

वारा नव्हता, पक्षी नव्हते. पाणी तेलासारखं पडून होतं. नारळ लांब गेला, थांबला, आणि सरळ माझ्या पायाशी परत आला. कुंकू जसंच्या तसं.

धाकटा भाऊ दत्तू आधीच होडीत बसलेला. मी त्याला उचललं आणि पळत सुटले.

"आयो, कधी न बोलणारी ही मुकी वेडी झाली!" काका ओरडला. पण आईही माझ्यामागे आली, तेव्हा त्यानं होडी माडाला बांधली.

दुपारी पोलीस ठाण्यावर सिक्लोनचा लाल बावटा चढला. काका होडी वर ओढायला धावला. दोरी माडालाच होती, गाठही तशीच. रिकामी होडी बेटांकडे चालली होती. वारा तेव्हाही नव्हता.

किनाऱ्यावर राहिलेला तो नारळ आता आमच्या दारात आहे, कुणी आणला कळत नाही, हात लावायला कुणी तयार नाही.

दर्यानं नाकारलेला नारळ तुमच्याकडे फोडतात, की परत देतात?