मार खावा तर आमच्या महेशने!

लोकांच्या घरी किस्से सणासुदीला जमतात. आमच्याकडे ते दर सोमवारी सकाळी, महेशच्या पाठीला बाम चोळताना जमतात. मी ठरवून एकही लक्षात ठेवलेला नाही. मी फक्त काळज्या लक्षात ठेवते. पण गेल्या सात वर्षांत काळज्या आणि किस्से एकाच डब्यात पडत गेले आणि आता निवडून वेगळे करता येत नाहीत.

आधी ओळख. महेश, माझा नवरा, खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर. रविवारी पैलवान. मातीतला नव्हे हं! टीव्हीवर पूर्वी परदेशी फ्रीस्टाइल लागायची ना, तसला. फळ्यांची रिंग, चार बाजूंना दोर, चमकी चड्डी आणि निकाल आधीच ठरलेला. समोरच्याचा फटका खरोखर लागला असं बघणाऱ्याला वाटायला लावणं, ही यातली सगळ्यात मोठी विद्या. हे लोक त्याला ‘सेल करणं’ म्हणतात. महेश त्यात उस्ताद. म्हणूनच सात वर्षं तो हरतोय.

माझी अट एकच होती. आमच्या सईने, वय वर्षं पाच, पप्पांना मार खाताना बघायचं नाही.

*

लग्नानंतर मी पहिला शो बघितला तो कशेळ्याच्या बाजाराच्या दिवशी. समोर बबनभाऊ. एकशे पंधरा किलो, चौक गावात टायरचं दुकान, आणि स्वभावाने इतके गरीब की गिऱ्हाइकालाच ‘सॉरी’ म्हणतात.

आता मी बी.एस्सी. केमिस्ट्री. निकाल ठरलेला असतो वगैरे सगळं मला नीट समजावलेलं होतं. पण भाऊंनी महेशला डोक्यावर उचलून आदळलं, त्याचा एक पाय थरथरला आणि मग तोही थांबला, तेव्हा माझी केमिस्ट्री संपली. पाण्याची बाटली घेऊन मी थेट रिंगमध्ये चढले! लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मी गालावर पाणी मारलं. डोळे न उघडता महेश पुटपुटला, “उतर गं खाली. अजून दोन मिनिटं मरायचंय.”

*

या सगळ्यांचे गुरू म्हणजे अण्णा. पूर्वी कर्जतला त्यांची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. ती बुडाली, पण जुन्या कुस्त्यांच्या कॅसेट राहिल्या. एका बंद पडलेल्या भातगिरणीत ते पोरांना शिकवतात. कॅसेट लावली की मारणाऱ्याकडे बघायचं नाही असा नियम. जो मार खातो त्याच्याकडे बघायचं.

“ह्यो बघा,” कॅसेट थांबवून अण्णा म्हणतात. “फटका खाल्ला कानावर, पन गुडघं कसं गेलं? आधी कान, मग डोळं, मग गुडघं. अक्कल लागतीय. मारायला काय, म्हैसबी मारती.”

एकदा मी डबा द्यायला गेले, तर आठ दणकट बाप्ये एका ओळीत उभे राहून नुसते कळवळत होते. कोणी कोणाला हातही लावत नव्हतं!

अण्णा मला म्हणाले, “थांब गं पोरी, रियाज चाललाय.”

*

डोंगरापलीकडच्या एका गावच्या जत्रेतला शो. गाव अस्सल मातीतल्या कुस्तीचं. पहिल्याच मिनिटाला बबनभाऊंनी महेशला आपटलं आणि हलगी थांबली. गावचे पंच, ऐंशीच्या घरातले एक बाबा, नारळ आणि फेटा घेऊन रिंगमध्ये आले आणि भाऊंना फेटा बांधायला लागले.

अण्णा धावले. “बाबा, अजून वीस मिनिटं हाय!”

“पाठ लागली ना? मग कुस्ती झाली.”

“आमच्यात तीन मोजत्यात, बाबा. तवर कुस्ती सुटत नाय.”

बाबांनी अण्णांना आपादमस्तक न्याहाळलं. “पाठीला तीनदा इचारायचं व्हय?” मग आडव्या पडलेल्या महेशकडे वाकून, “काय रं पोरा, लागली का नाय तुजी पाठ?”

माझा नवरा खोटं पडू शकतो, खोटं बोलू शकत नाही.

“लागली, बाबा.”

शो संपला!

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही, कारण यात व्हिलन मी आहे.

एका संध्याकाळी महेश बाथरूममध्ये घसरला. धाडकन आवाज आला, मागून “आई गं!” मी दारात गेले. तो भिंतीला टेकून मनगट धरून बसला होता. चेहरा पांढराफटक.

मी म्हटलं, “चेहरा मस्त. पण ‘आई गं’ जरा उशिरा आलं.” आणि कुकर बंद करायला गेले.

मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर घालताना डॉक्टरांनी त्याला ओळखलं. “अहो, रिंगमध्ये एवढे मरता तेव्हा काही होत नाही, आणि बाथरूममध्ये मोडता?”

महेश शांतपणे म्हणाला, “तिथे समोर भाऊ असतात, डॉक्टर. ते सांभाळून आपटतात.”

*

मग ती सकाळ आली. महेश सईला मोजे घालत होता. सईने विचारलं, “पप्पा, वर्गातला आरव म्हणतो, तुझ्या पप्पांना सगळे मारतात. तुम्ही कोणालाच मारत नाही?”

“नाही.”

“मग काय करता?”

“पडतो.”

“मग?”

“उठतो.”

“मग?”

“परत पडतो.”

 सईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आजारी माणसाच्या फिरवतात तसा. एकशे पंधरा किलो अंगावर झेलणारा माझा नवरा त्या हाताखाली असा काही खचला, की त्याने दोन्ही मोजे एकाच पायात घातले.

मला वाटत होतं, मी पोरीला माराच्या बातमीपासून लांब ठेवलंय. मी तर तिला फक्त अर्धी बातमी पोचू दिली होती!

“येत्या रविवारी तिला घेऊन येते,” मी म्हटलं. म्हणून टाकलं, आणि चार दिवस नीट जेवले नाही.

*

कर्जतचा शो. मैदान गच्च. सई माझ्या शेजारी, खुर्चीवर उभी. विजेत्याच्या पट्ट्याची लढत होती आणि पट्टा भाऊंचाच, हे महिनाभर आधी ठरलेलं.

महेश त्या दिवशी जसा पडला तसं मी त्याला कधी पडताना बघितलं नाही. दोरावर पडला, दोराखाली पडला, मागची एक बाई रडायला लागली. शेवटी भाऊ त्याच्यावर आडवे झाले. रेफ्री अण्णा. हात फळीवर आपटला, “एक!”

सईचा श्वास माझ्या कानाशी.

“दोन!”

आणि माझी पोर किंचाळली, “पप्पाऽऽ, उठा नाऽऽ! शाळेला उशीर होतोय!”

मैदान हसलं. मग मागून एकजण ओरडला, “पप्पा, उठा!” मग दहाजण. मग अख्खं मैदान टाळ्यांच्या तालावर, “पप्पा, उठा! पप्पा, उठा!” अण्णांचा हात हवेतच.

भाऊ आपणहून महेशवरून उठले. त्याला केसांना धरून उभं केलं. कानात काय म्हणाले ते महेशने मला नंतर सांगितलं. “हाण रं. पोरगी बघतीय.”

महेशने हाणलं. खरं सांगते, डास मारावा तेवढंच.

भाऊ दोन पावलं मागे गेले. दोरांवर आदळून पुढे आले. स्वतःभोवती गोल फिरले, आकाशाकडे बघितलं आणि धाडकन पाठीवर! फळ्या कडाडल्या. अण्णांनी एक-दोन-तीन एका श्वासात मोजलं.

मी ओरडत होते की रडत होते, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आवाज बसला होता एवढं नक्की.

शो संपल्यावर सई पट्टा सोडून आधी भाऊंच्या टेंपोपाशी गेली. “बबनकाका, लागलं?”

भाऊंनी कंबर धरली. “लय लागलं गं. तुजा बाप लय वंगाळ मारतो.”

सई वळली. “पप्पा, सॉरी म्हणा.”

खांद्यावर पट्टा घेतलेला माझा नवरा मान खाली घालून पुढे झाला. “सॉरी, भाऊ.”

“बरं, बरं. पन पुन्हा इतकं नगं मारूस.”

भाऊ लंगडत टेंपोत चढले. आधी उजव्या पायाने लंगडले, मग डाव्या. सई हात हलवत राहिली. आणि टेंपो पार वळणाआड जाईपर्यंत खिडकीतून बाहेर आलेली भाऊंची मान तिरकीच होती.