खांग म्हाताऱ्याच्या बायकोचा फोटो

खांग श्वेमूच्या रेड्याने कित्येक वर्षांत नांगर ओढला नव्हता. त्याचं काम एकच. पहाटे उठायचं, मालकाच्या मागोमाग गावाबाहेरच्या वडांखालून चालत जायचं, आणि भोंग्यातून "परत!" असा आवाज आला की वळून पुन्हा पहिल्या जागी येऊन उभं राहायचं. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की भोंगा नुसता खरखरला तरी तो मालकाच्या आधी वळायचा. गावातले लोक म्हणायचे, "खांग, तुझा रेडा शिकला रे, तूच मागे राहिलास!"

आमच्या वेईतांग गावात शेती करून कुणाचं भलं झालं नव्हतं. शेती करण्याचं सोंग मात्र चांगलंच फळलं, कारण शहरातले फोटोवाले त्याचे पैसे मोजायचे. गावातला त्सोंग मासे धरायचं जाळं फेकायचा, तेही कोरड्या बांधावर उभं राहून. पाण्यात उतरलं तर जाळं ओलं होतं आणि मग फोटोत नीट फुलत नाही. वडाच्या मागे एकजण ओला पेंढा जाळून धूर करायचा, कारण धुकं रोज पडतंच असं नाही आणि फोटोवाल्यांची बस मात्र रोज येते. आणि खांग रेडा घेऊन चालायचा. फाटकी टोपी, गवताचा झगा. हा झगा त्याच्या आज्यानेसुद्धा प्लास्टिकचे रेनकोट मिळायला लागल्यावर फेकून दिला होता. खांगला मात्र तो नव्याने विणून घ्यावा लागला.

बसमधून उतरणारी मंडळी सगळी निवृत्त, धडधाकट आणि खिसे असलेल्या जाकिटातली. कोणी बँकेतून सुटलेला, कोणी दातांचा डॉक्टर, कोणी सिमेंटच्या कारखान्याचा साहेब. पण गळ्यात कॅमेरा अडकवला की सगळेच एकमेकांना 'गुरुजी' म्हणायचे. "गुरुजी, जरा सरका." "गुरुजी, तुमचा स्टँड माझ्या पायावर आहे." शिष्य औषधालाही सापडायचा नाही. आणि ह्या सगळ्या गुरुजींचे महागुरू म्हणजे पांग गुरुजी. मानेवर रुळणारे पांढरे केस, तोंडात पाइप, तोही न पेटवलेला. भोंगा त्यांच्याच हातात असे.

पांग गुरुजींचा मंत्र होता वजाबाकी. "फोटो काढणं म्हणजे काढून टाकणं," ते सांगायचे. "रंग काढा, गर्दी काढा, आजचा दिवस काढा. उरेल ते चिरंतन!" लगेच सगळे वहीत लिहून घ्यायचे.

खांगची बायको आ-च्यू आधी ह्या भानगडीत नव्हती. ती घरी कालवं फोडत बसायची. एकदा पांग गुरुजींच्या लक्षात आलं की उजवीकडे जागा रिकामी राहते. खांगने बायकोला हाक मारली, ती खांद्यावर कावड घेऊन आली, रेड्याच्या पुढे वीस-पंचवीस पावलांवर चालली, आणि गुरुजी आनंदाने नाचलेच. तेव्हापासून ती रोज चालायला लागली. पण तोंडाचा पट्टा काही थांबला नाही.

"म्हाताऱ्या, ह्या टोपल्या रिकाम्या का?"

"भरल्या तर दुखेल की तुझा खांदा."

"आणि रिकाम्या टोपल्या घेऊन मी कुठल्या बाजाराला चाललेय म्हणे? डोक्यावर पडलेत का हे सगळे?"

"बोलू नकोस गं, तोंड हललं की फोटो हलतो."

"तोंड दिसतंय कुणाला!"

हे मात्र खरं होतं. सूर्य मागून यायचा, धुरातून तिरपे पट्टे पडायचे, आणि पुढची सगळी माणसं, जनावरं, टोपल्या काळ्याकुट्ट. तेच तर हवं असायचं. चुकून कुणी कॅमेऱ्याकडे बघितलं, की भोंगा ओरडायचा, "आज्जी, पुढे बघा! चेहरा नको, आकार हवा, आकार!"

दुपारचं ऊन गुरुजी लोकांच्या लेखी कुचकामाचं. तेव्हा ते खाणावळीत बसून भात हाणायचे आणि मग लॅपटॉप उघडून फोटो 'धुवायचे'. खांग एकदा चहाच्या आशेने तिथे डोकावला. पांग गुरुजींनी आधी विजेचा खांब पुसला. मग तारा. मग त्सोंगचं नवंकोरं तीन मजली घर, ज्याच्यासाठी तो बिचारा वर्षानुवर्षं राबला होता, ते बोटाच्या एका चाळ्यात गेलं. मग रंग गेले. मग आकाश बदललं. हे आकाश म्हणे तिबेटात काढलं होतं. शेवटी सात बदकं सोडली.

"ही कुणाची?" खांगने विचारलं.

"कुणाची म्हणजे?"

"नाही, आमच्या गावात बदकं फक्त त्सोंगच्या मेव्हण्याकडे आहेत. आणि ती उडत नाहीत. लठ्ठ आहेत."

सगळे गुरुजी हसले. पांग गुरुजी हसले नाहीत. "आजोबा," ते म्हणाले, "तुम्हाला जे दिसतं ते वास्तव. मला जे दिसतं ते सत्य." खांगने मान डोलावली आणि चहा संपवला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "मोठा माणूस आहे बघ. काय बोलतो काही कळत नाही."

नवीन वर्षाला पांग गुरुजींनी भेट पाठवली. चांगली हातभर फ्रेम, तीही काळी. आत काळापांढरा खांग, काळापांढरा रेडा. आ-च्यू दाराला लाल कागद चिकटवत होती. तिने फ्रेम बघितली आणि खळीचं भांडं तिच्या हातून पडलं.

"वर्षाच्या पहिल्या दिवशी! काळ्या चौकटीत! माझा नवरा जिवंत असताना! मेल्याने मारलाच की तुला!"

"अगं, त्यांच्यात असतात असे. शहरात भिंतीवर लावतात."

"आपल्यातही लावतात. समोर उदबत्ती लावतात!" तिने फ्रेम उचलली आणि रेड्याच्या गोठ्यात, तोंड भिंतीकडे करून ठेवली.

पण त्या फ्रेमने तिच्या डोक्यात किडा सोडला. आमच्याकडे सत्तरी गाठली की माणूस स्वतःचा फोटो काढून ठेवतो, भिंतीवर लावण्याजोगा. चांगला कोट घालायचा, केस विंचरायचे, समोर बघायचं. त्यात रडण्यासारखं काही नाही. उद्या आपण नसलो की पोरंबाळं चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, त्याच चेहऱ्यापुढे वाकणार, संत्री ठेवणार, नोकरी लागली, नातू झाला, सगळं त्यालाच सांगणार. आ-च्यूच्या आईचा फोटो कुणी काढलाच नव्हता. आ-च्यू दर वर्षी नुसत्या नावाच्या पाटीपुढे वाकायची आणि आईचं नाक कसं होतं ते आठवत बसायची.

"चल तालुक्याला," ती म्हणाली. "दोघांचे फोटो काढून घेऊ. लाल पडद्यापुढे, सरळ बसून."

खांगला ते हसण्यावारी न्यायचा मोह झाला, आणि त्याने नेलंही. "म्हातारे, जगात माझ्याएवढे फोटो कुणाचे निघाले नसतील. पेकिंगहून माणसं येतात. आणि मी त्या तालुक्याच्या पोऱ्यापुढे बसू? लोक शेण घालतील तोंडात! पांग गुरुजींना सांगतो."

पांग गुरुजींनी आनंदाने होकार दिला. आ-च्यूने लाल जाकीट घातलं, केसांना तेल लावलं, मुलीने दिलेल्या सोन्याच्या कुड्या घातल्या. गुरुजी आले, तिला चुलीपाशी बसवलं, कुड्या काढायला लावल्या, जाकिटावर जुनी गोधडी पांघरली, आणि सबंध सकाळ खाली वाकून फोटो काढत बसले. महिन्याभराने फोटो आला. त्यात काळोख होता, आणि काळोखात दोन हात. सुरकुत्या अशा खोदून काढलेल्या, की वाळलेलं आलं बरं. खाली नाव: 'प्रतीक्षा'. कुठल्याशा स्पर्धेत त्याला पदकही मिळालं.

"चेहरा कुठंय?" आ-च्यूने विचारलं.

"गुरुजी म्हणतात, चेहरा काय, सगळेच काढतात."

"म्हणजे पोरांनी काय माझ्या बोटांना नमस्कार करायचा?" ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी तालुक्याला जाणार. तू ये नाहीतर नको येऊस."

"जाऊ ना. हंगाम तेवढा सरू दे. आता रोज दोन-दोन बसा येतायत."

आणि खांग खोटं बोलत नव्हता. तो खरंच जाणार होता.

हंगाम सरायच्या आत, एका थंड सकाळी, आ-च्यू पेज पिऊन उंबऱ्यावर टेकली, कावड खांद्यावर घ्यायची म्हणून हात पुढे केला आणि तशीच कलंडली. वैद्य यायच्या आधी सगळं संपलं होतं.

मुलगी, श्यांगलान, फूचौ शहरातून रडत आली. रडणं आवरल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली ती हीच. "बाबा, आईचा फोटो?"

दिवाणखान्यात शवपेटी, पेटीपुढे टेबल, टेबलावर उदबत्त्या, फळं, भाताची वाटी, आणि मधली जागा मोकळी. श्यांगलानच्या मोबाईलमध्ये आई होती, पण कशी? मोबाईल पुढे केला की आ-च्यू पंजा आडवा धरायची, "दिवसभर तेच! घरी तरी सोडा मला!" म्हणून सगळ्या फोटोंत आईचा पंजा. मग ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. जुना, टिकलीएवढा, मोठा केल्यावर नाकाडोळ्यांचे चौकोन झाले. शेजारीण बघून म्हणाली, "अगं बाई, ही तर पोलिसांनी पकडल्यासारखी दिसतेय." श्यांगलानने तो उलटा करून ठेवला. उद्या सकाळी आ-च्यूला दफनाला न्यायची होती.

खांग उठला, कमरेला सुतकाचा पांढरा पट्टा तसाच ठेवून खाणावळीत गेला.

भात झाले होते, लॅपटॉप उघडले होते. "गुरुजी," तो म्हणाला, "तुम्ही माझ्या बायकोचे रोज फोटो काढलेत. मला एक द्या. चेहरा दिसेल असा कुठलाही."

त्या माणसांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. दातांच्या डॉक्टरने चष्मा काढून डोळे पुसले. सगळे कामाला लागले. कुणाकडे चारशे आ-च्यू निघाल्या, कुणाकडे दोन हजार. धुरातली आ-च्यू, पुलावरची आ-च्यू, तिबेटी ढगांखालची आ-च्यू. एकाने तिच्या शेजारी आणखी दोन आ-च्यू चिकटवल्या होत्या, रांग छान दिसते म्हणून. सगळ्या काळ्या. टोपीखाली काळं, टोपलीखाली काळं.

"उजेड करा ना," खांग म्हणाला. "तुम्ही दिवसाचा अंधार करता. अंधाराचा दिवस करा."

पांग गुरुजींनी केला. टोपीखालचा काळा भाग करडा झाला, मग फिका, मग त्यात राखेसारखे ठिपके उठले. ते अजून जोर लावत होते. ठिपके वाढले. डोळे नव्हते, नाक नव्हतं, काही नव्हतं.

"इथे काहीच उरलेलं नाही, आजोबा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी समजेल असं काही सांगितलं. "काढतानाच मी काळं केलं होतं." मग त्यांनी धीर करून विचारलं, "तुम्ही वर्णन करा. हल्ली कॉम्प्युटर चेहरा करून देतो. नाक कसं होतं?"

खांगने तोंड उघडलं. बायकोचा आवाज त्याला कानाशी ऐकू येत होता, शिव्यांसकट. पण नाक कसं सांगायचं? "नाकासारखं नाक," तो म्हणाला, आणि त्याला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात कोपऱ्यातून मियाओ बाई पुढे आल्या. ह्या बसमधल्या सगळ्यात नवख्या. त्यांना कुणीच गुरुजी म्हणत नसे.

"माझ्याकडे एक होता," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीचा. मी चुकून रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले होते, उन्हाकडे पाठ करून. आज्जींचा चेहरा पूर्ण आला होता. रंगीत."

"मग द्या!"

मियाओ बाईंनी पांग गुरुजींकडे बघितलं. गुरुजी पाइपकडे बघत होते.

"गुरुजींनी वर्गात दाखवला होता सगळ्यांना. वाईट फोटो कसा असतो, म्हणून. मग माझ्या हातानेच पुसायला लावला. त्या कार्डावर नंतर मी..." त्यांनी हात हवेत फिरवून काळी चित्रं दाखवली.

खांग मियाओ बाईंसमोर जाऊन बसला.

"कशी होती त्यात?"

"टोपी मागे सरकली होती. डोळे बारीक केलेले, उन्हामुळे. डावा एक डोळा जास्त बारीक. नाक बसकं, टोकाला जरा रुंद. इथला एक दात नव्हता." बाई थांबल्या. "त्या माझ्यावर ओरडत होत्या खरं तर. जेवलीस का म्हणून विचारत होत्या. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, ह्या मूर्खांच्या नादी लागून उपाशी मरशील. आणि हसत होत्या."

"हो," खांग म्हणाला. "हो, हो. तीच ती." आणि टेबलावर डोकं टेकून तो मोठ्याने रडायला लागला.