सुप्याच्या माळावरचं हरीण

आमच्या खराडीच्या सोसायटीत वाघ न पाहिलेल्या माणसाला लिफ्टमध्ये मान वर करून उभं राहता येत नाही. सुट्ट्या संपल्या की ग्रुपवर फोटो सुरू होतात. वाघ पाणी पिताना, वाघ रस्ता ओलांडताना, आणि त्याच्या मागेपुढे जिपांची अशी गर्दी की त्यापेक्षा रविवारची मंडई बरी. त्यामुळे नवऱ्याने त्याच्या आईला वाघ दाखवायचं ठरवलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही.

सासूबाई मूळच्या चंद्रपूरकडच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. सगळा जन्म जंगलाच्या शेजारी काढला, पण घरकामातून मान वर काढून रानातलं जनावर पाहायची सवड कधी मिळाली नाही. आणि सवड मिळाली तेव्हा डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा आजार. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो वाढत जाणार. कडेकडेचं मात्र दिसत राहील. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "डोये आहेत तवर एकदा रानातलं जनावर पाहाचं होतं."

मग आम्ही त्यांच्याच मुलखात जाऊन रीतसर सफारी केली. वाघ निघाला. सगळे उभे राहिले, मागच्या जिपेतले "पुढे घ्या, पुढे घ्या" म्हणून ओरडायला लागले. नवरा आईच्या खांद्यांना धरून विचारत होता, "दिसला? आई, दिसला का?" त्या म्हणाल्या, "हो, दिसला. मोठा आहे." पुण्यात आल्यावर घरी येईल त्याला नवरा ही कथा सांगायचा आणि सासूबाई शेजारी बसून मान डोलवायच्या.

एका दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. निवडता निवडता त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "वाघ मले दिसलाच नाही वं."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. "अहो आई, मग हो कशाला म्हणालात?"

"लग्नात भटजीनं भर उन्हात आभायाकडं बोट केलं, हा पाहा ध्रुव म्हने. म्या म्हनलं, दिसला. इतक्या हौसेनं दाखवनाऱ्याले कोनी नाही म्हनते काय?"

मी पुण्याची. आमटी आवडली नाही तर यजमानाला तोंडावर सांगणाऱ्यांतली. अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला शिकवलेलंच नसतं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माया दाटून आली. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की पोराला यातलं काही कळता कामा नये. मी वचन दिलं आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "थंडीत एकदा सुप्याला जाऊ या."

"सुप्याला? तिथे काय आहे?"

"काही नाही. म्हणूनच."

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य म्हणजे नुसता माळ. पिवळं पडलेलं गवत, बोरी, खैर, मधूनमधून बोडक्या टेकड्या. वाघ नाही, त्यामुळे वाघवालेही नाहीत. तिथे चिंकारा राहतात. लहानखुरी, वाळक्या गवताच्याच रंगाची हरणं. पहाटे निघालो, यवतला चहा घेतला, चौफुल्याला वळलो आणि ऊन कोवळं होतं तोवर आत शिरलो. आपलीच गाडी, आपलाच वेग. मी पुढे नवऱ्याशेजारी, सासूबाई मागे डाव्या खिडकीशी. नवरा वाटेत दोनदा म्हणाला की इथे जनावरापेक्षा खड्डे जास्त आहेत. तो चंद्रपूरचा असला तरी लग्नानंतर त्याची जीभ माझ्यावर गेली आहे.

एका वळणावर त्याने गाडी थांबवली. डावीकडे, बोरीच्या झुडपाशी एक चिंकारा उभा होता.

"आई, ते बघ. हरीण. दिसलं?"

सासूबाई खिडकीकडे वळल्या. थोडा वेळ पाहत राहिल्या. मी मागे वळून पाहत होते; त्यांचे ओठ "हो" म्हणण्यासाठी उघडलेले मला दिसले. मागे गाडी नव्हती. ओरडायला कुणी नव्हतं. दूर कुठेतरी टिटवी बोलत होती, तेवढीच.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही दिसून राह्यलं मले."

नवरा मागे वळला. त्याचं तोंड इतकंसं झालं होतं की मला भरून आलं. "आणि वाघ?" त्याने हळूच विचारलं.

"तोही नाही, बाबा."

चावी फिरवून त्याने इंजिन बंद केलं आणि आईकडे पाहत बसून राहिला.

"आई," मी म्हटलं, "समोर नका बघू. डॉक्टरांनी सांगितलंय ना, कडेने बघा."

त्यांनी मान फिरवली. हरणाशी अबोला धरावा तशा तोंड पुढे, माझ्याकडे करून बसल्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माळाकडे पाहू लागल्या. त्यामुळे त्यांचा अख्खा चेहरा माझ्यासमोर आला. बराच वेळ त्यावर काहीच नव्हतं, नुसती कपाळावर आठी. मला वाटायला लागलं होतं, उगाच आणलं यांना, जखमेवर मीठ चोळायला.

मग आठी सुटली.

"हालून राह्यली," त्या कुजबुजल्या. "शेपटी. कायी आहे वं, बारकी. सारखी हालून राह्यली."

चिंकाऱ्याची शेपटी काळी असते आणि ती सतत हलते, हे आम्ही दोघांनीही त्यांना सांगितलं नव्हतं. मी बाहेर पाहिलंच नाही. हरीण मी पुन्हा कधीही पाहीन. मला हा चेहरा पाहायचा होता. गालाच्या सुरकुत्यांतून पाणी उतरत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण पुसायला गेलं तर नजर हलली असती.

कितीतरी वेळाने नवऱ्याने नाक ओढलं, चावीला हात घातला आणि विचारलं, "निघायचं का आई?"

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून पाहून राह्यली मी."