कानामागचं भोक

आबांनी फडकं सोडलं आणि मुखवटा माझ्यापुढं ठेवला. देवाचा चेहरा शेंदूर आणि तेलानं माखलेला होता, मिशा काजळीनं काळ्या पडल्या होत्या. त्यांनी तो हळूच वळवला. उजव्या कानामागं एक गोल भोक होतं. नळाच्या सांध्याला लावतात तसली करडी लांबी भरून ते बुजवलेलं.

"फोटो काढतो म्हनून न्हेला हुता," आबा म्हणाले. "आन् असा परत आणून दिला."

मी लांबीवरून नख फिरवलं.

आबांची सून बारामतीत शिक्षिका आहे आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिनंच मला इंदापूरकडच्या त्यांच्या गावी बोलावलं होतं. मी पुण्यात जुन्या धातूच्या वस्तू तपासते. बंदुकीसारखं दिसणारं एक यंत्र असतं. त्यातून क्ष-किरण सोडले की वस्तूत तांबं किती, जस्त किती, कथिल किती ते कळतं, आणि वस्तूवर ओरखडासुद्धा उठत नाही. यात मी पडले ती वडिलांमुळं. आम्ही वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. वडील कारखान्यात ओतीव भागांची तपासणी करायचे. आतल्या पोकळ्या शोधायला ते भाग फोडत नसत, त्यांचा एक्स-रे काढत. रद्द झालेल्या फिल्म घरी आणून खिडकीच्या काचेवर धरत आणि म्हणत, "बघ, लोखंडाच्या पोटात काय आहे ते." यंत्राच्या सुट्या भागाला जी काळजी मिळत होती, ती या घरच्या देवाला मिळाली नव्हती.

झालं होतं असं. जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या एका संस्थेचं पथक गावात आलं. आबांचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं, आता ऊस आणि डाळिंब करतं. मुखवटा पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडं. यात्रेला पालखी त्यांच्या दारी येते आणि देव तिथून निघतो. पथकानं मुखवटा मागितला, आबांनी विश्वासानं दिला. मग अहवाल आला: धातू पितळ, त्यात जस्त भरपूर, म्हणून घडण अलीकडची.

गावाला एवढं पुरेसं होतं. जुना देव विकून नवा आणून ठेवला, असं लोक बोलायला लागले. त्या वर्षी पालखी आबांच्या दारावरून पुढं गेली, थांबली नाही. भावकीतल्या एकानं सुनेला शाळेच्या गेटवर अडवून विचारलं, "केवढ्याला गेला?" आबांनी देवळात जाणं सोडलं.

"माझ्या आज्यानं ह्यो मुखवटा मेंढरांमागं पाठीवर वागवला," ते मला म्हणाले. "पावसात सोताचं घोंगडं त्याच्यावर टाकायचा. आन् आता लोक म्हंत्यात, आमी देव इकला."

मी यंत्र काढलं. शेंदरात शिसं असतं, त्यामुळं बाहेरून मोजलं तर आकडे फसवतात. म्हणून मुखवटा पालथा करून आतल्या बाजूनं मोजायला घेतलं. कपाळ, गाल, हनुवटी: सगळीकडं जवळजवळ निव्वळ तांबं. कानाजवळ आले आणि पडद्यावर जस्त वर चढलं. जरा बाजूला सरकले, पुन्हा तांबं. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी मुखवटा मांडीवर घेऊन आबा आणि मी बारामतीला गेलो. औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे काढणारं एक वर्कशॉप आहे. त्यांनी फोटो काढून दिला. कानामागं पितळी पत्र्याचं ठिगळ होतं, कडेनं बारीक रिव्हेटा मारलेलं. कधीतरी मुखवटा तिथं फाटला होता आणि कुणीतरी तो नेटका सांधला होता. बाकी देव तांब्याचा, जुन्या पद्धतीनं पत्रा ठोकून घडवलेला. नमुना घ्यायला पथकानं ड्रिल नेमकं ठिगळात घातलं होतं, आणि निघालेल्या चिमूटभर भुश्शावरून सगळा देव नवा ठरवला होता.

मी संस्थेच्या साहेबांना भेटायला गेले. एक्स-रे टेबलावर ठेवला.

"मॅडम, एवढंसं भोक आहे, तेही मागच्या बाजूला," ते म्हणाले. "कुणाला दिसतंय?"

"घरच्यांना दिसतंय. त्यांना विचारलं होतंत?"

"नमुना घेतल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही."

"तुम्ही खात्रीनंच सांगितलंत. एका ठिगळावरून. माझ्याकडं आहे तसलं क्ष-किरणांचं यंत्र तुमच्याकडं नाही का?"

"आहे की. वापरणारा माणूस नाही."

ते मागच्या कपाटात होतं, खोक्यात, वरचं प्लास्टिकही न काढलेलं. कधीकधी नमुना घ्यावाच लागतो, हे मलाही मान्य आहे. पण आधी बाकी सगळं बघून, मालकाला विचारून, आणि कुठून घ्यायचा याचा विचार करून. इथं हातात ड्रिल होतं आणि देव साध्या शेतकऱ्याघरचा होता, एवढाच विचार झाला. हेच एखाद्या बड्या घराण्याच्या तलवारीला करायची त्यांची छाती झाली असती का, असं मी विचारलं. त्यांनी घड्याळात पाहिलं.

दुरुस्तीचं पत्र आलं त्यात "निष्कर्षात अंशतः बदल" असं लिहिलं होतं. मी ते परत पाठवलं. बरीच भांडणं झाल्यावर सरळ वाक्य आलं: मुखवटा जुना आहे, आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. माफीचा शब्द नव्हता.

सुनेनं ते देवळापुढं गाव जमवून वाचलं. मी एक्स-रे उन्हात धरून ठिगळ दाखवलं. तो हातोहात फिरला. गेटवर अडवणारा तो भावकीतला माणूस शेवटी म्हणाला, "बरं मग, पालखीचं ठरवून टाका." एवढंच. घरी परतताना सून रडत होती. आबा पुढं चालत होते, मागं वळले नाहीत.

यात्रेला पालखी आबांच्या दारी थांबली. शेंदराचा नवा हात दिल्यावर भोक दिसत नाही. मला मात्र बोट ठेवून दाखवता येईल, आणि आबांनाही.

परवा सुप्याहून एकांचा फोन आला. त्याच संस्थेचे लोक तिथल्या देवळातली जुनी घंटा तपासायला मागत होते. मी म्हटलं, "देऊ नका. मी येते, तिथंच बघू. आणि ते आधी आले, तर पिशवीत ड्रिल आहे का ते बघून घ्या."