अण्णाच्या चिमटीतली कणी

माझा थोरला भाऊ हंबीरराव, आमचा अण्णा, राजाजीनगरच्या एका शेडमध्ये खळ शिजवायचा. बटाट्याचं स्टार्च पाण्यात कालवून हंड्यात शिजवायचं. आनेकलचे मागवाले ती खळ ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, लावायचे. कच्ची राहिली तर धागे तटातट तुटतात, जास्त शिजली तर पाणी होतं. मधली अचूक वेळ अण्णाला बोटांनी कळायची. चिमटीत घेऊन चोळायचा, कणी लागली नाही की म्हणायचा, "उतरवा." मागवाले दुसऱ्या कुणाचं ऐकायचे नाहीत. आणि त्याचा तोरा काय विचारता! घरात भाजीत मीठसुद्धा त्याला विचारून पडायचं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात साखरेच्या आजारानं त्याची बोटं बधिर झाली. तापलेला तवा त्यानं उघड्या हातानं उचलला आणि शांतपणे खाली ठेवला, तेव्हा मला कळलं. "कुणाला बोललीस तर बघ," म्हणाला. मी त्याच शेडमध्ये पोती शिवायचे, रोज जीव मुठीत धरून बघायचे. स्टार्च नेहमीचं, हासनच्या ज्योती जातीच्या बटाट्याचं होतं, तोवर सवयीवर निभत होतं.

मग मालक विश्वेश्वरांनी दुसऱ्याच जातीच्या बटाट्याचं स्टार्च आणलं. जात बदलली की शिजण्याची वेळ बदलते, तिथे सवय काय कामाची? नेमका त्याच दिवशी आनेकलचा मागवाला प्राणेश स्वतः आला. दुसरीकडच्या कच्च्या खळीनं त्याचा एक ताणा वाया गेला होता. "अण्णा, हाही गेला तर माग बंद," तो म्हणाला.

हंडा रटरटू लागला. अण्णानं नेहमीच्याच वेळेला डावातली खळ चिमटीत घेतली. तिच्यातून वाफा निघत होत्या, त्याचा चेहरा हलला नाही. "उतरवा."

मला राहवेना. पुढे घुसले, डावातली खळ चोळली. रव्यासारखी कणी! "अण्णा, कच्ची आहे."

"आता पोती शिवणारी खळ शिकवणार का?" मालक हसले. अण्णानं माझ्याकडे असं बघितलं की धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मला रडू येत होतं आणि संतापही. अरे, हात भाजला तरी चालेल, पण तोरा जायला नको!

"ती खरं बोलतेय," शेवटी तो म्हणाला. "माझ्या बोटांना काही कळत नाही. बरेच दिवस झाले."

त्यानं माझं मनगट धरलं आणि हंड्याजवळ ओढलं. "डावात घेऊन चोळत राहा. सांगत राहा."

"आहे अजून... आहे... बारीक लागतेय... स्वल्प आहे, अण्णा... नाही. गेली."

"उतरवा!"

हंडा उतरला. प्राणेशनं स्वतः चोळून बघितलं आणि समाधानानं मान डोलावली. अण्णानं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. कळ पार खांद्यापर्यंत गेली होती. किती घट्ट धरलंय हे त्याला कळत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.